आयनिक व सहसंयुज संयुगांचे नामकरण : मराठीतील मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :

शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन रसायनशास्त्रात साध्या संयुगांच्या नामकरणाला फारसे स्वतंत्र स्थान दिले जात नाही. मूलकांचा तक्ता पाठ करून घ्यायचा, संयुजांचा तिरकस गुणाकार करून सूत्र लिहायला लावायचे आणि सूत्रासमोर नाव लिहून घ्यायचे, एवढ्यावर हा भाग बहुधा आटोपतो. वस्तुतः समीकरण संतुलित करणे, द्रावणाची संहती काढणे, बाटलीवरील नाव वाचून योग्य द्रव्य उचलणे ही पुढची सारी कामे नाव वाचता येण्यावर अवलंबून असतात. अकरावीत विज्ञान शाखेचे माध्यम इंग्रजी होते आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो. त्याच्या अडखळण्याचे खापर सहसा इंग्रजीवर फोडले जाते. हे निदान तपासून पाहण्यासारखे आहे. कारण संयुगांची नावे या विद्यार्थ्याला पहिल्यापासून इंग्रजीच शिकवली गेलेली असतात. मराठी पुस्तकातही सोडिअम क्लोराइड हे सोडिअम क्लोराइडच असते. त्याला नावे मिळाली, पण त्या नावांचे व्याकरण मिळाले नाही. ते त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नाव म्हणजे विधान :

अठराव्या शतकापर्यंत युरोपात द्रव्यांची नावे रंग, रूप, गाव किंवा शोधकर्ता यांच्यावरून पडत. जस्ताची फुले, अँटिमनीचे लोणी, ग्लाउबरचे मीठ अशी ती नावे होती. मराठीतही मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, मुरदाडशिंग, हरताळ, मनशीळ ही नावे याच जातीची आहेत. ती कानाला परिचित आहेत, बाजारात उपयोगी आहेत. परंतु हिराकशीत लोह आहे आणि मोरचुदात तांबे आहे हे त्या नावांवरून कळत नाही. दोन्ही पदार्थ एकाच आम्लापासून झालेले क्षार आहेत, हे तर मुळीच कळत नाही.

गितोन द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूर्क्रवा या चौघांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये रासायनिक नामकरणाची जी पद्धती प्रसिद्ध केली, तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : संयुगाचे नाव हे त्याच्या घटकांविषयीचे विधान असले पाहिजे. नाव ऐकताच घटक कोणते ते समजावे आणि प्रत्ययावरून ते कोणत्या प्रमाणात, कोणत्या अवस्थेत आहेत याचा अंदाज यावा. ‘एट’, ‘आइट’ हे प्रत्यय आणि आम्लांच्या नावांतील ‘इक’ व ‘अस’ यांच्या मूळ फ्रेंच रूपांची जोडी याच पद्धतीतून रूढ झाली.

येथे भाषाभ्यासकांनी लक्ष द्यावे असा एक तपशील आहे. मूळ फ्रेंच नावे षष्ठीची होती व आजही तशीच आहेत. फ्रेंचमध्ये आपले मीठ ‘सोडिअमचे क्लोराइड’ असते. संबंध दाखवणारे अव्यय नावातच असते. इंग्रजीने कालांतराने शब्दांचा क्रम उलटवला, अव्यय गाळले आणि ‘सोडिअम क्लोराइड’ अशी जोडी ठेवली. मराठीने ही गाळीव जोडी जशीच्या तशी घेतली. म्हणजे मराठीत जे नाव आले ते विभक्ती हरवलेले नाव आहे. या जुन्या षष्ठीचा एक अवशेष मात्र महाराष्ट्रातील प्रत्येक कृषी सेवा केंद्रात पोत्यांवर छापलेला आढळतो. ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ हे नाव १७८७ च्या परंपरेतील आहे. क्लोरिन हे मूलद्रव्य आहे हे निश्चित होण्यापूर्वी क्लोराइडांना ‘म्युरिएट’ म्हणत. पोत्यात असते ते पोटॅशिअम क्लोराइड. शेतकरी त्याला एमओपी म्हणतो आणि त्याच्या घरातील मुलगा शाळेत पोटॅशिअम क्लोराइड पाठ करतो. दोहोंचा संबंध जोडून देणारा परिच्छेद पाठ्यपुस्तकात असता तर नामकरणाचा अर्धा इतिहास त्याला पोत्यावरच वाचता आला असता.

मराठीतील पूर्वप्रयत्न :

मराठीने संयुगांच्या नावांचा स्वतःहून विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी विज्ञानलेखनात, महाराष्ट्रीय ज्ञानकोशातही, उज्ज, प्राण, नत्र, कर्ब, हर अशी मूलद्रव्यांची नावे आढळतात आणि त्यांवरून प्राणिद, हरिद, गंधकित अशी साधित रूपे केलेली दिसतात. कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बद्विप्राणिद’ म्हटले जाई. या शब्दाकडे आज आपण हसून पाहतो; पण त्याची घडण बारकाईने पाहिली तर ती अत्यंत नेमकी आहे. कर्ब हा एक घटक, प्राण हा दुसरा, ‘द्वि’ ही संख्या आणि ‘इद’ हा प्रत्यय. नाव उकलायला मराठी विद्यार्थ्याला वेगळा कोश लागत नव्हता. ‘गंधकित’ या रूपातील ‘इत’ तर संस्कृत धाटणीशी सहज जुळणारा होता आणि त्याच वेळी तो ‘एट’ या परकीय प्रत्ययाचे काम करीत होता. परका प्रत्यय न घेता त्याचे कार्य घेण्याची ही रीत होती.

दुसरा प्रयत्न डॉ. रघुवीर यांचा. मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेल्या रघुवीरांचे कोशकार्य काही काळ नागपुरात चालले. त्यांनी ऑक्सिजनसाठी जारक, हायड्रोजनसाठी उदजन, नायट्रोजनसाठी भूयाति, कार्बनसाठी प्रांगार अशी नावे दिली आणि त्यांवरून प्रांगार द्विजारेय यांसारखी संयुगांची नावे साधली. पद्धत म्हणून ही रचना ज्ञानकोशकालीन रचनेपेक्षाही काटेकोर होती. तिचा दोष निराळा होता. जुन्या मराठीतील नत्र, कर्ब, प्राण हे शब्द निदान काही लोकांच्या जिभेवर होते. जारक आणि भूयाति कोणाच्याच जिभेवर नव्हते. इमारत उत्तम, पण तिच्या विटा परगावच्या, अशी ती स्थिती झाली. शिवाय सर्व मूलद्रव्यांना नवी नावे दिल्यावर चिन्हांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतोच. चिन्ह रोमन ठेवले तर नाव व चिन्ह यांची फारकत होते आणि चिन्ह बदलले तर जगाशी फारकत होते.

१९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने हा वाद व्यवहारतः मिटवला. मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतर करून ठेवावीत, चिन्हे रोमन लिपीत राहू द्यावीत, असे तत्त्व स्वीकारले गेले आणि मराठी पाठ्यपुस्तकांनीही तोच मार्ग धरला. हा निर्णय योग्यच होता. जगभर एकच नाव चालते त्या ठिकाणी वेगळी नाममाला चालवण्याचा हट्ट विद्यार्थ्याच्या हिताचा नव्हता.

परंतु या निर्णयाबरोबर एक गोष्ट नकळत सुटली. कर्बद्विप्राणिद गेला तेव्हा त्याच्यासोबत नाव उकलण्याची सवयही गेली. मूळ शब्द मात्र टिकून राहिले. मातीच्या तपासणीत सेंद्रिय कर्ब आहे, खतांत नत्र, स्फुरद आणि पालाश आहेत आणि २०२१ च्या साथीत वृत्तपत्रांचे रकाने प्राणवायूने भरले होते. मूलद्रव्यांची देशी नावे जगली आणि संयुगे घडवण्याचे देशी व्याकरण मेले. त्या जागी आंतरराष्ट्रीय नावांचे व्याकरण मराठीत समजावून सांगणे आवश्यक होते. ते काम शब्दावलीचे नाही, अध्यापनाचे आहे, असे म्हणून शब्दावलीकारांनी ते सोडले. आणि पुस्तककारांनी ते तक्त्यावर सोपवले.

आइड, आइट, एट :

मूलकांच्या तक्त्यात सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट ही तीन नावे एकाखाली एक येतात. पहिल्यात गंधकाशिवाय काही नाही. दुसऱ्यात गंधकासोबत ऑक्सिजनचे तीन अणू आहेत, तिसऱ्यात चार. या तिघांतील भेद नावाच्या शेवटी आहे आणि देवनागरीत तो एखाद्या अक्षराचा आहे. हाताने भरभर लिहिताना ‘ड’ आणि ‘ट’ यांत किती अंतर राहते, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. नायट्राइड, नायट्राइट, नायट्रेट यांचेही तेच. येथे प्रश्न शुद्धलेखनापुरता नाही. सोडिअम नायट्राइट थोड्या मात्रेतही घातक ठरू शकते. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता ते नष्ट करते. सोडिअम नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे, दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेवलेले.

‘आइट’ व ‘एट’ या प्रत्ययांविषयी शिकवताना ‘एट म्हणजे ऑक्सिजन जास्त, आइट म्हणजे कमी’ एवढे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. ही तुलना त्याच मूलद्रव्याच्या दोन मूलकांपुरती असते. नायट्रेटमध्ये ऑक्सिजनचे तीन अणू आणि सल्फाइटमध्येही तीनच. प्रत्यय संख्या सांगत नाही, चढउतार सांगतो. हा भेद मराठीत एका वाक्यात सांगता येतो, तरी तो बहुतेक ठिकाणी सांगितलेला आढळत नाही. परिणामी विद्यार्थी ‘एट म्हणजे चार’ असा स्वतःचा नियम बनवतो आणि नायट्रेट व कार्बोनेट यांच्यापाशी तो मोडला की नियम या वस्तूवरचाच त्याचा विश्वास उडतो. मग पाठांतराशिवाय दुसरा उपाय राहत नाही. त्यातच ‘आइड’ म्हणजे एकाच मूलद्रव्याचा ऋण आयन असे शिकल्यानंतर लगेच हायड्रॉक्साइड व सायनाइड समोर येतात. हे अपवाद आहेत असे सांगून टाकणे हे तरी प्रामाणिकपणाचे आहे. पुष्कळदा तेही होत नाही.

फेरस व फेरिक, मर्क्युरस व मर्क्युरिक या जोड्यांचाही स्वभाव असाच आहे. ‘अस’ म्हणजे खालची संयुजा, ‘इक’ म्हणजे वरची. परंतु फेरसमध्ये ती दोन असते तर क्युप्रसमध्ये एक. शिवाय ही नावे लॅटिन मुळांवरून आली असल्यामुळे लोह आणि फेरिक यांचा संबंध मराठी मुलाला जसा दिसत नाही तसा इंग्रजी मुलालाही दिसत नाही. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनज्ञाने १९१९ मध्ये यावर उपाय म्हणून धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिण्याची सूचना केली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने आज ‘अस-इक’ रूपांना बाजूला सारले आहे. मराठी अध्यापनात मात्र जुनी रूपेच प्रथम शिकवली जातात आणि नवी पुरवणीसारखी येतात. वास्तविक ‘आयर्न तीन क्लोराइड’ असे वाचले जाणारे नाव मराठी विद्यार्थ्याला अधिक सुगम आहे, कारण त्यातील आकडा तो आपल्या भाषेत उच्चारू शकतो. जुनी नावे सोडून द्यावीत असे नव्हे. औषधशास्त्राच्या इतिहासात कॅलोमेल म्हणून पोटात दिले जाणारे मर्क्युरस क्लोराइड आणि प्रखर विष असलेले मर्क्युरिक क्लोराइड यांत एका प्रत्ययाचे अंतर होते, हे विद्यार्थ्याने जाणून घेतलेच पाहिजे. आक्षेप आहे तो क्रमाला.

गुणोत्तर आणि रेणू :

येथवरच्या अडचणी प्रत्ययांच्या आहेत. खरी गफलत याहून खोल आहे आणि ती ‘रेणुसूत्र’ या एका मराठी शब्दात दडलेली आहे.

मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंचा बांधलेला गट, ही जोडी स्थिर झालेली आहे. हिंदीत याच अर्थांनी परमाणु व अणु हे शब्द वापरतात, त्यामुळे हिंदी पुस्तक चाळणारा मराठी विद्यार्थी काही काळ गोंधळतो. पण मराठीपुरती जोडी स्वच्छ आहे. अडचण तिच्या वापरात आहे. सोडिअम क्लोराइडचे सूत्र असो वा पाण्याचे, आपण दोहोंना सर्रास रेणुसूत्र म्हणतो. ‘सोडिअम क्लोराइडच्या रेणूत एक सोडिअम व एक क्लोरिन असतो’ असे वाक्य वर्गात सहज उच्चारले जाते. मिठाच्या स्फटिकात असा रेणू नसतोच. तेथे प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन. अमुक सोडिअम अमुक क्लोराइडचा, अशी जोडी दाखवता येत नाही. सूत्र सांगते ते फक्त एकास एक हे गुणोत्तर. याउलट पाण्याचे सूत्र खराखुरा, सुटा मोजता येणारा रेणू सांगते.

आयनिक आणि सहसंयुज संयुगांच्या नामकरणाचे नियम वेगळे का आहेत, याचे उत्तर येथे आहे. आयनिक संयुगात धन व ऋण प्रभार समतोल राहिले पाहिजेत, म्हणून कॅल्शिअम व क्लोराइड ही दोन नावे कळली की गुणोत्तर आपोआप ठरते. एकास दोन याखेरीज दुसरी शक्यता नसते. तेव्हा नावात संख्या सांगण्याची गरज राहत नाही. सहसंयुज संयुगात असा एकच मार्ग नसतो. कार्बन व ऑक्सिजन यांची एकाहून अधिक संयुगे आहेत. एक श्वासातून बाहेर पडते, दुसरे बंद खोलीतील शेगडीमुळे माणसाचा जीव घेते. म्हणून मोनो, डाय, ट्राय, टेट्रा या संख्या लागतात. नियमामागचे हे कारण सांगितले तर नियम पाठ करावा लागत नाही. पण आपल्याकडे ‘धातू व अधातू असल्यास उपसर्ग लावू नये, दोन्ही अधातू असल्यास लावावा’ अशी आज्ञा तेवढी दिली जाते.

आज्ञा म्हणूनही ती टिकत नाही. दहावीपर्यंतचा विद्यार्थी मँगनीज डायऑक्साइड हे नाव अनेकदा ऐकतो. उत्प्रेरक म्हणून, शुष्क विद्युत घटातील द्रव्य म्हणून. मँगनीज धातू आहे, तरी ‘डाय’ आहे. मँगनीजची संयुजा बदलती असल्यामुळे गुणोत्तर आपोआप ठरत नाही, म्हणून ते सांगावे लागले, हे त्याचे कारण. त्याहून जवळचे उदाहरण खताचे आहे. डीएपी या तीन अक्षरांतील पहिले अक्षर ‘डाय’चे आहे. डायअमोनियम फॉस्फेट हे आयनिक संयुग आहे, तरीही नावात संख्या आहे. अमोनियम व फॉस्फेट यांच्या जोडीत हायड्रोजनही भाग घेऊ शकत असल्याने एक, दोन वा तीन अमोनियम असलेली निरनिराळी संयुगे संभवतात. खताच्या पोत्यात त्यांपैकी कोणते आहे हे सांगणे भाग आहे. पूर्ण नाव डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट. ग्रामीण महाराष्ट्रात इतके परिचित असलेले हे संयुग नामकरणाच्या धड्यात उदाहरण म्हणून क्वचितच येते.

आता परीक्षकाच्या बाजूने पाहू. एखाद्या विद्यार्थ्याने ‘कॅल्शिअम डायक्लोराइड’ लिहिले तर त्यावर लाल फुली मारली जाते. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००५ च्या शिफारशींत गुणोत्तराविषयी संदिग्धता नसेल तर संख्यावाचक उपसर्ग देण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. दिल्यास नाव असत्य ठरते असे म्हटलेले नाही. कॅल्शिअम फॉस्फाइडला ट्रायकॅल्शिअम डायफॉस्फाइड असेही म्हणण्याची मुभा त्यात आहे. तेव्हा कॅल्शिअम डायक्लोराइड या उत्तरात पुनरुक्ती आहे, अज्ञान नाही. याउलट ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एवढेच लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेले नाही, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे अनेक आहेत. पहिल्या उत्तराला शून्य आणि दुसऱ्याला कधीकधी अर्धा गुण, हा न्याय उलटा आहे.

तिरकस गुणाकाराची रीतही याच दृष्टीने तपासली पाहिजे. संयुजा एकमेकांखाली मांडून तिरकस नेणे ही युक्ती आयनिक संयुगांसाठी उत्तम चालते, कारण ती प्रभारांचा समतोलच मांडते. मॅग्नेशिअम ऑक्साइडसाठी दोनास दोन असे गुणोत्तर आले की ते संक्षिप्त करून एकास एक करावे, ही पुढची पायरीही योग्य आहे. गुणोत्तराला संक्षेप चालतो. पण हीच रीत सहसंयुज संयुगांना लावली की हायड्रोजन पेरॉक्साइड कधीच मिळत नाही. त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात आणि तेथे संक्षेप केला तर पदार्थच नाहीसा होतो. दोन नायट्रोजन व चार ऑक्सिजन असलेला रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड आणि एक नायट्रोजन व दोन ऑक्सिजन असलेला तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड यांचे गुणोत्तर एकच आहे. पण एकाच नळीत तापमान बदलले की रंग बदलताना दिसतो, इतके ते वेगळे आहेत. रेणूला संक्षेप चालत नाही. नामकरणाच्या दोन पद्धती या एका वाक्यावर उभ्या आहेत, आणि ‘रेणुसूत्र’ हा शब्द दोन्हीकडे सरसकट वापरल्यामुळे तेच वाक्य मराठीत उच्चारणे अवघड होऊन बसले आहे. आयनिक संयुगांपुरते नुसते ‘सूत्र’ म्हणावे, त्यातील गटाला ‘सूत्र-एकक’ म्हणावे आणि रेणुवस्तुमानाऐवजी सूत्रवस्तुमान म्हणावे. तीन शब्दांचा हा बदल कोणत्याही मंडळाच्या ठरावाची वाट न पाहता वर्गात करता येण्यासारखा आहे.

समासाची मदत :

विज्ञानाच्या शिक्षकाने मराठीच्या शिक्षकाकडून एक गोष्ट उसनी घेण्यासारखी आहे. त्रिभुवन, पंचवटी, नवरात्र या शब्दांत पहिले पद संख्यावाचक आहे व तो द्विगु समास आहे, हे शालेय विद्यार्थ्याने व्याकरणात शिकलेले असते. डायऑक्साइड, ट्रायक्लोराइड, टेट्रॉक्साइड यांची घडण तीच आहे. आणि सोडिअम क्लोराइड हा ‘सोडिअमचे क्लोराइड’ असा विग्रह होणारा षष्ठी तत्पुरुष आहे. फ्रेंचमधील लुप्त न झालेली षष्ठी वर पाहिलीच. कार्बन डायऑक्साइडचा विग्रह ‘कार्बनचे, दोन ऑक्सिजन असलेले ऑक्साइड’ असा करता येतो. शास्त्री मंडळींना यात ढिलाई वाटेल आणि ती आहेही. परकीय शब्दांना संस्कृत समासाचे नियम लावणे हे अध्यापनापुरते सोंग आहे. तरी फळ्यावर विग्रह मांडण्याची सवय झाली की विद्यार्थी अपरिचित नावही फोडून पाहतो. कर्बद्विप्राणिदाने जे साधले होते ते कार्बन डायऑक्साइड या नावानेही साधता येते, एवढाच याचा अर्थ.

संधीचा प्रश्नही मजेदार आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार उपसर्गाचा अंत्य स्वर सहसा गाळू नये, अपवाद मोनॉक्साइडचा. म्हणजे नियमाने पेंटाऑक्साइड व टेट्राऑक्साइड. रूढीने मात्र पेंटॉक्साइड व टेट्रॉक्साइड, आणि प्रस्तुत लेखातही रूढीच पाळली आहे. देवनागरीत तर डायऑक्साइड, डाय ऑक्साइड, डाय-ऑक्साईड अशी तीन-चार रूपे एकाच पुस्तकात सापडू शकतात. सोडिअम की सोडियम, याचाही निर्णय पुस्तकागणिक बदलतो. यंत्रावर शोध घेणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ही विविधता बाधते.

याहून गंभीर विसंगती संज्ञांची आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत आम्ल, आम्लारी व क्षार अशी त्रयी आहे. तेथे क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून बनणारा पदार्थ. मराठी विश्वकोशात अम्ल, क्षारक व लवण आहे आणि अभिक्रियेऐवजी विक्रिया आहे. हिंदी परंपरेत क्षार म्हणजे जवळजवळ उलट बाजूचा पदार्थ. म्हणजे पाठ्यपुस्तकातून विश्वकोशाकडे जाणाऱ्या जिज्ञासू विद्यार्थ्याला, जो आपल्याला हवा असतो, पहिल्याच पानावर शब्द बदललेले आढळतात. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा २०१७ पासून आणि अभियांत्रिकीची २०२१ पासून मराठीतूनही देता येते. अशा प्रश्नपत्रिकेत ‘क्षार’ हा शब्द आला, तर तो कोणत्या परंपरेतला हे ठरवण्यासाठी उमेदवाराजवळ काही सेकंद असतात.

काही संयुगे मात्र कोणत्याही चौकटीत नीट बसत नाहीत, हेही वर्गात सांगितले पाहिजे. ॲल्युमिनिअम क्लोराइडचे नाव आयनिक धाटणीचे आहे, पण बाष्परूपात त्याचे दोन-दोन घटक जोडून सुटे रेणू बनतात. कथिल हा धातू. त्याचे चार क्लोरिन असलेले क्लोराइड सामान्य तापमानाला द्रव असते व सुमारे ११४ अंश सेल्सिअसला उकळते, तर साधे मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात. त्याला टिन टेट्राक्लोराइड म्हणावे की टिन चार क्लोराइड? दोन्ही नावे शिफारशींत बसतात, आणि बंध कोणत्या प्रकारचा आहे हे दोहोंपैकी एकही नाव सांगत नाही. नाव घटकांचे प्रमाण सांगते. बंधाविषयी ते मौन पाळते. हायड्रोजन क्लोराइड वायू असताना सहसंयुज असतो आणि पाण्यात शिरताच आयन देतो. तेव्हा आपण त्याचे नावच बदलून हायड्रोक्लोरिक आम्ल करतो. त्या बाटलीवर कोणते नाव लिहायचे ते बाटलीत पाणी आहे की नाही यावर ठरते.